गाय धापते तेव्हा हुकूम कोणाचा चालतो?

प्रश्न रावेर तालुक्यातल्या एका दूधवाल्या भावाचा आहे. थोडक्यात असा: आखाजी (अक्षय्य तृतीया) होऊन दोन आठवडे झाले असतील, दुपारी दोनच्या सुमाराला त्यांची संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रीजियन) गाय तोंड उघडून, जीभ बाहेर टाकून धापायला लागली. डॉक्टर आले, थर्मामीटर लावला, १०७ निघाला. तरी त्यांनी तापाचं इंजेक्शन दिलं नाही. पाऊण तास मोटारीच्या नळीनं अंगावर पाणी मारायला लावलं, घरातला कूलर ओढून गोठ्यात आणायला लावला आणि पारा १०३ वर आला तसं पाणी बंद करायला सांगितलं. मधे एकदा गायीचा श्वास एकदम संथ झाला होता. भाऊ लिहितात, "आम्हले वाटनं गाय बरी व्हयनी, डाक्टर मातर घाबरी ग्या." त्यांना तीन गोष्टी हव्या आहेत. धापताना गायीला ऑक्सिजन कमी पडतो का, एवढ्या वेगानं श्वास घ्यायचा हुकूम शरीरात देतं कोण, आणि १०७ ताप असताना तापाची सुई का नाही.

तीसेक वर्षं गुरांची डॉक्टरकी केली, त्यातली निम्मी तापीकाठी. तुमच्या डॉक्टरांनी केलं ते बरोबर केलं. ते का घाबरले हे नीट कळलं तर बाकीच्या प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतील, पण तिथपर्यंत जायला थोडं मागून यावं लागेल.

ऑक्सिजनचं आधी उरकतो. नाही, कमी पडत नाही. उन्हानं धापणाऱ्या गायीच्या रक्तात ऑक्सिजन पुरेसा असतो. ती हवा खात नसते, उष्णता बाहेर फेकत असते. गायीचं अंग १०१.५ फॅरनहाइट, म्हणजे साडेअडतीस सेल्सिअस. आपल्याकडे भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. म्हणजे भोवतालची हवा अंगापेक्षा गरम. अशा हवेला उष्णता देता येत नाही, उलट तीच आपल्याला देते. मग सुटकेची एकच वाट उरते, पाणी उडून जाणं. अंगावरून किंवा श्वासातून एक लिटर पाणी वाफ होऊन गेलं की सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत नेतं. माठ गार होतो तोच हिशेब. गाय थोडी घामानं गार होते, थोडी श्वासानं. कुत्र्याला अंगभर कामाचा घाम नाही, त्याचा सगळा भार जिभेवर आणि नाकावर. घोडा उलटा, तो घामावर जगतो. म्हणून सारंगखेड्याच्या यात्रेत दौडून आलेला घोडा फेसानं निथळतो, कुत्र्यासारखी जीभ काढत नाही. एखाद्या घोड्याचा घामच बंद पडला तर मात्र तो उभ्या जागी धापायला लागतो. असा घोडा मी एकदाच पाहिला, आणि पहिले दोन दिवस त्याला न्यूमोनिया समजून चुकलो.

आता हुकूम कोणाचा. इथे दोन वेगळी खाती आहेत हे लक्षात ठेवा. एक श्वासाचा ताल धरतं, दुसरं उष्णतेचा हिशेब ठेवतं.

तालाचं खातं मेंदूच्या देठात असतं, डोकं मानेला मिळतं त्या भागात. त्याला लंबमज्जा म्हणतात. तिथे चेतापेशींचा एक लहानसा पुंजका स्वतःहून ताल देत राहतो, गाय झोपलेली असो की रवंथ करत असो. हा पुंजका १९९१मध्ये उंदराच्या मेंदूत नेमका सापडला. त्याला प्री-बॉट्झिंगर म्हणतात, आणि शेजारच्या भागाचं बॉट्झिंगर हे नाव एका जर्मन वाइनच्या बाटलीवरून पडलेलं आहे. शास्त्रज्ञही कधी कधी जेवणाच्या टेबलावर बारसं उरकतात. इथून निघालेला हुकूम मानेतल्या मज्जारज्जूत उतरतो, तिथून श्वासपटलाच्या नसेनं श्वासपटलाला आणि छातीतल्या नसांनी बरगड्यांमधल्या स्नायूंना पोचतो. श्वासपटल मागे पोटाकडे सरकतं, हवा आत येते.

हे खातं एकटं काम करत नाही. त्याला सतत खबरा येत असतात. फुफ्फुस किती ताणलं गेलं याची खबर व्हेगस नावाची लांब नस आणते; फुफ्फुस भरत आलं की ती 'बस' म्हणते आणि श्वास तुटतो. हे १८६८मध्ये हेरिंग आणि ब्रॉयर यांनी दाखवलं. ही नस कापली तर श्वास संथ आणि खोल होतो. रक्तात कार्बन डायऑक्साइड किती साचला ते लंबमज्जेलाच कळतं. ऑक्सिजनची खबर मानेतल्या मोठ्या धमनीजवळच्या तांदळाएवढ्या गाठी देतात, त्या शोधासाठी कॉर्नेल हेमन्स यांना १९३८चं नोबेल मिळालं. एरवी या सगळ्यांत कार्बन डायऑक्साइडचा शब्द शेवटचा असतो. तो वाढला की श्वास वाढतो, तो घटला की श्वास आवरता घेतला जातो. तुम्ही मुद्दाम जोरजोरात वीस श्वास घेऊन पाहा, नंतर काही क्षण श्वास घ्यावासाच वाटत नाही.

उष्णतेचं खातं याच्या वर आणि पुढे बसतं, मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस नावाच्या भागाच्या पुढच्या टोकाला. तिथल्या काही चेतापेशी स्वतःच थर्मामीटर असतात. त्यांच्यातून वाहणारं रक्त गरम झालं की त्या जास्त वेगानं संदेश सोडतात. त्याच १९३८ साली होरेस मॅगून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजराच्या मेंदूतला फक्त तेवढाच भाग बारीक इलेक्ट्रोडनं गरम केला. बाकी शरीर गरम झालेलं नव्हतं, तरी मांजर धापू लागलं. मेंदूतल्या त्या चिमूटभर जागेनं ऊन पडलंय असं मानलं, आणि सगळ्या शरीरानं ते मान्य केलं.

पण शरीर एवढ्यावर थांबत नाही. रक्त गरम होईपर्यंत वाट पाहणारा मालक उशिरा जागा होतो. म्हणून कातडीतल्या नसा आधीच वर्दी देतात. मेंढीला उन्हात उभं केलं तर तिचं आतलं तापमान वाढायच्या आधीच तिचा श्वास वाढतो. यातला सगळ्यात गमतीचा प्रयोग एडक्यावर झालाय: त्याचं नुसतं अंडकोष गरम केलं, तर एडका धापू लागला आणि इतका धापला की त्याच्या बाकीच्या अंगाचं तापमान उतरलं. ज्या जागेला उष्णता सर्वांत कमी सोसते तिथल्या नसांचा आवाज मेंदूत सर्वांत मोठा. साक्रीकडचे ठेलारी मेंढपाळ एडक्यांना दुपारी बाभळीखाली ओल्या मातीवर बसवतात, ते हा प्रयोग न वाचता.

कातडीतले हे उष्णतेचे ग्राहक म्हणजे नसांच्या टोकावरची दारं. त्यातलं एक दार साधारण ४३ अंश सेल्सिअसला उघडतं, आणि तेच दार मिरचीनंही उघडतं. १९९७मध्ये डेव्हिड ज्यूलियस यांच्या चमूनं ते शोधलं, २०२१मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आपली शेवभाजी खाऊन जावई नाकातून वाफा सोडतो तेव्हा त्याच्या मेंदूला खरंच काही भाजतंय असं वाटत असतं. कोंबडीचं हे दार मिरचीला दाद देत नाही, म्हणून ती मिरच्या टिपत हिंडते.

तर हायपोथॅलॅमस आतली आणि बाहेरची बेरीज करतो आणि खाली लंबमज्जेला सांगतो, ताल बदल. आता मुद्दा असा की नुसता जोरात श्वास घेऊन चालणार नाही. जोरात आणि खोल घेतला तर कार्बन डायऑक्साइड धुऊन निघेल. म्हणून तो वेगळाच श्वास मागतो: वेगवान पण उथळ. शांत उभ्या गायीचा एक श्वास तीन-चार लिटरचा असतो, मिनिटाला वीस-तीस. धापताना श्वास दीडशेच्या वर जाऊ शकतात, पण प्रत्येक श्वास निम्म्याहून लहान होतो. ती हवा नाक, घसा आणि श्वासनळी एवढ्यातच ये-जा करते. तिथली ओली कातडी हवेला पाणी देते, गार होते. फुफ्फुसाच्या तळातली हवा फारशी हलत नाही. लोहाराच्या भात्याचं निम्मंच दाबून फुंकर मारावी तसं.

कुत्र्यात हे आणखी सफाईनं चालतं. त्याचा श्वास तीसवरून हळूहळू साठ, नव्वद असा चढत नाही. एकदम तीनशेच्या आसपास उडी मारतो. कारण त्याच्या छातीच्या पिंजऱ्याला झोक्यासारखी स्वतःची एक लय आहे, आणि त्या लयीवर हलवलं की स्नायूंना कष्ट कमी पडतात. आखाजीच्या झोक्यावर बसलेल्या पोरींना विचारा, योग्य वेळी पायाचा हलका रेटा पुरतो. धापताना कुत्रा हवा मुख्यतः नाकातून आत घेतो आणि तोंडातून बाहेर सोडतो, म्हणजे नाकात वाचलेला गारवा परत गरम होत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शार्ल रिशे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञानं उन्हात कुत्र्याचं तोंड घट्ट बांधून पाहिलं. ज्याचं तोंड मोकळं तो टिकला, बांधलेला तापत गेला. राखणीच्या कुत्र्याच्या तोंडाला मे महिन्यात दोरी बांधून टेम्पोतून नेणाऱ्यांना मी हे सांगतो तेव्हा ते हसतात.

नुसता श्वास हलवूनही भागत नाही, पाणीही पोचवावं लागतं. तेही नसांचंच काम. जिभेतल्या आणि नाकातल्या रक्तवाहिन्या उघडतात, लाळ सुटते, कुत्र्याच्या नाकातली एक खास ग्रंथी पाणी सोडायला लागते. गायीच्या दावणीखाली लाळेचं थारोळं दिसतं ते यामुळे. आणि त्या लाळेबरोबर सोडाही जातो, जो एरवी पोटात उतरून आंबटपणा मारतो. दुपारभर धापलेली गाय रात्री गार वाऱ्यात ढेप-सरकीवर तुटून पडते आणि सकाळी पातळ शेण टाकते, त्याचं मूळ दुपारच्या या लाळेत असतं. खायचा सोडा दिवसाला शंभर-दीडशे ग्रॅम चाऱ्यातून देण्याचा सल्ला त्यासाठीच असतो. आपल्या गायीचा आकडा डॉक्टरांकडून घ्या.

गायी, म्हशी, शेळ्या, मेंढ्या यांना आणखी एक सोय आहे. मेंदूकडे जाणारं गरम रक्त कवटीच्या तळाशी बारीक धमन्यांच्या जाळ्यातून जातं, आणि ते जाळं नाकाकडून परतणाऱ्या गार रक्तात बुडलेलं असतं. दुधाचा चिलर डोळ्यांसमोर आणा. धड १०५ असताना मेंदू थोडा कमी राहू शकतो. गॅलेन या ग्रीक वैद्यानं जुन्या काळी हे जाळं गुरांमध्ये पाहून माणसालाही आहे असं गृहीत धरलं होतं. १५४३मध्ये शरीररचनेचा अभ्यासक व्हेसालियस यानं आपल्या ग्रंथात ती समजूत खोडली. माणसाला ते नाही, घोड्यालाही नाही.

आता ती जागा, जिथे तुमचे डॉक्टर घाबरले.

वेगवान-उथळ धाप हा पहिला टप्पा. पारा १०५-१०६ च्या पुढे जात राहिला आणि उथळ धापेनं भागेना, तर हायपोथॅलॅमस शेवटचा डाव टाकतो. श्वासांची संख्या उतरते, पण प्रत्येक श्वास खोल होतो. दीडशेवरून ऐंशी-नव्वद. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, निवली. जवळ जाऊन पाहा: तोंड सताड उघडं, मान पुढे ताणलेली, जीभ मुळापासून बाहेर, डावी-उजवी भकाळी (बरगड्यांमागची कूस) आत-बाहेर होतेय. आता फुफ्फुसाच्या तळातली हवाही धुतली जातेय. कार्बन डायऑक्साइड भराभर घटतो, रक्त अल्कधर्मी होतं. एरवी अशा वेळी लंबमज्जेनं श्वास थांबवला असता. पण वरून उष्णतेचा हुकूम इतका मोठा असतो की ती आपला नेहमीचा नियम बाजूला ठेवते. दोन हुकमांच्या भांडणात उष्णता जिंकते आणि रक्ताचा तोल बिघडतो. कार्बन डायऑक्साइड कमी झाला की मेंदूकडच्या रक्तवाहिन्याही आकसतात. वर या खोल श्वासाला स्नायूंचे कष्ट पडतात, त्या कष्टांतून आणखी उष्णता. नव्वद हा आकडा दोनदा येतो, चढताना एकदा आणि बुडताना एकदा.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, तरी शिकलो उशिरा. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका गावातून फोन आला: "साहेब, सकाळधरून धापत होती, आता श्वास बराच कमी झालाय, तुम्ही संध्याकाळी आलात तरी चालेल." मी हो म्हणालो. तोंड उघडं आहे का, एवढा एकच प्रश्न विचारायचा राहिला. सहा वाजता पोचलो तेव्हा गाय आडवी होती. मालकानं मला दोष दिला नाही, चहा दिला, आणि तो चहा मला आजही आठवतो.

आणखी एक चूक त्याच काळातली. भर उन्हात एका बैलाच्या खुराचं काम होतं, बैल उभा राहीना, म्हणून झोपेचं इंजेक्शन दिलं. काम सुबक झालं. तासाभरानं हात लावला तर अंग तव्यासारखं. त्या औषधानं श्वासाचा आणि उष्णतेचा, दोन्ही कारभार पेंगायला लावले होते. ऊन मात्र जागं होतं. पाण्यानं वाचला. तेव्हापासून अशी कामं मी पहाटेला ठेवतो.

आता तापाची सुई. ताप आणि ऊन लागणं यांत थर्मामीटर फरक करत नाही, हायपोथॅलॅमस करतो. खऱ्या तापात रोगजंतूंमुळे प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य तयार होतं आणि ते हायपोथॅलॅमसमधला काटाच वर सरकवतं: आजपासून १०१ नव्हे, १०५ बरोबर. मग गाय कुडकुडते, केस उभे करते, कान गार पडतात, उन्हाकडे सरकते. मेलोक्झिकॅमसारखी औषधं ते द्रव्य बनणं रोखतात, काटा खाली येतो. ऊन लागलेल्या गायीचा काटा जागच्या जागीच आहे. ती १०१ वर यायला जिवाच्या आकांतानं धडपडतेय, कान गरम, सावली शोधतेय, फक्त उष्णता जायला जागा नाही. तिथे सुई कोणता काटा खाली आणणार? पाणी आणि वारा, एवढंच औषध. गरज पडली तर सलाईन. १०३ वर थांबवायचं कारण असं की गुदद्वाराचा थर्मामीटर मागे राहतो, शरीर त्याच्या पुढे गार होत असतं. पाणी मारतच राहिलात तर अंग काट्याच्याही खाली जातं आणि गाय थरथरायला लागते, म्हणजे पुन्हा उष्णता तयार करते.

तरी डोळे झाकून प्रत्येक धापेला ऊन म्हणू नका. आपल्याकडे संकरित गायींना उन्हाळ्यात गोचीड ताप होतो. त्यात ताप खरा असतो, खांद्यापुढची गाठ सुजते, पुढे डोळ्यांची आतली कातडी पांढुरकी पडते, आणि रक्त कमी झाल्यानं श्वास वाढतो. ओळखायची सोपी खूण पहाटेची. चार-पाच वाजता, धार काढायच्या आधी, भकाळीकडे बघून पूर्ण एक मिनिट मोजा. उन्हाची धाप पहाटेपर्यंत तीस-चाळीसवर उतरते. उतरली नाही तर डॉक्टरांना दुपारची वाट पाहायला लावू नका. दुपारी साठच्या वर गेली की गाय ऊन सोसतेय, शंभर-सव्वाशेच्या वर किंवा तोंड उघडलं की काम सोडून पाणी हातात घ्या.

म्हशीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्याकडे दोन आहेत म्हणता. काळी कातडी, विरळ केस, गायीपेक्षा खूप कमी घामाच्या ग्रंथी. तिचा मेंदू तिला धापण्याआधी पाण्याकडे पाठवतो. तेही हायपोथॅलॅमसचंच काम, फक्त पायांमार्फत. तिला दावणीला बांधून ठेवलं की तो रस्ता बंद. कोंबड्यांना श्वासपटल नाही, त्या हवेच्या पिशव्यांनी धापतात, घसा थरथरवतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडाला की अंड्याचं कवच पातळ होतं.

गोणपाट भिजवून गायीच्या पाठीवर टाकायची पद्धत सोडा. दहा मिनिटांत ते गरम होतं आणि खालचा घाम अडवतं. तेच गोणपाट गोठ्याच्या पश्चिमेला पडद्यासारखं टांगा, वारा त्यातून येऊ द्या. पत्र्यावर पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळक्या काड्या) नाहीतर केळीची पानं टाका.

आणि वळीव पडला की कूलर बंद करू नका. हवा गार झाली असं आपल्याला वाटतं, पण मे महिन्यातली कोरडी हवा गायीच्या जिभेवरचं पाणी उचलत होती, जूनच्या पहिल्या आठवड्यातली ओली हवा ते उचलत नाही. पारा ४५ वरून ३८ वर आलेला असतो आणि गाय आधीपेक्षा जास्त धापत असते. मला सर्वांत जास्त फोन त्या आठवड्यात येतात. तेव्हा नुसतं पाणी मारू नका, ओल्या हवेत ते अंगावर तसंच बसतं. थोडं पाणी, भरपूर पंखा, परत थोडं पाणी, आणि तोपर्यंत मिनिटाचे श्वास मोजत राहा.